कातडी फुलेना

मायचा डेंग्यू बारा दिवसांत बरा झाला, पण तोंडाची गेलेली चव महिना झाला तरी परत यायला तयार नव्हती. खिचडी दिली की म्हणायची, मातीसारखी लागते. वरण दिलं की कडू. जन्मभर ती कळण्याच्या भाकरीवर आणि ठेच्यावर जगली, पण आता तेच ताट पुढे ठेवलं तरी मान फिरवून भिंतीकडे बघत बसायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "आता औषधाचं काम संपलं. त्या मागतील ते खाऊ घाला." मागतील ते! मी आणि बायको रोज विचारायचो आणि ती रोज एकच उत्तर द्यायची, "काहीच नको."

मी सुरतेजवळ सचिन गावात एका डाइंग हाउसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये आहे. पार्टी कापडाचा तुकडा पाठवते आणि त्याच्या रंगाला रंग जुळवून देणं हे माझं काम. एकेका शेडसाठी पाच-सहा वेळा रंग बनवायचा आणि दर वेळी पार्टीचं नाही ऐकायचं, याची मला सवय आहे. पण ते लोक निदान सांगतात तरी, जरा लाल जास्त झाला, जरा मळका दिसतो. माय काहीच सांगत नव्हती. डिंडोलीच्या आमच्या घरात मी रोज संध्याकाळी तिच्या खाटेशेजारी चमचा घेऊन बसायचो आणि रोज तोच चमचा तसाच परत न्यायचो.

एका शनिवारी मात्र ती आपणहून बोलली.

"डुकरानी कातडी," ती म्हणाली.

मला वाटलं, ताप पुन्हा डोक्यात चढला.

"काय म्हणालीस?"

"डुकरानी कातडी. कुरकुरीत. दातखाले वाजनी पाहिजे."

एवढं बोलून तिनं डोळे मिटले. बायको दारात उभी होती. 

आमच्या घरात कोंबडी शिजते, मटण शिजतं, तापीकाठची मासळी येते. डुकराचं नाव कधी निघालेलं मला आठवत नाही. उलट लहानपणापासून मायनंच माझ्या डोक्यात भरलं होतं की आपण ते खात नाही. कारखान्यात नवीन कोणी आला, माझी जात, गाव कळलं की हळूच विचारतो, तुमच्यात डुक्कर खातात ना? तीस वर्षं मी छाती पुढे काढून सांगत आलो, नाही, आमच्याकडे नाही. आणि आता ज्या बाईच्या भरवशावर मी हे सांगत होतो, ती खाटेवर पडून कातडी मागत होती. तीही कुरकुरीत.

"तू कधी खाल्लीस?" मी विचारलं.

तिनं डोळे उघडले नाहीत.

बायकोनं स्वयंपाकघरात नेऊन मला तीन अटी घातल्या. तिच्या भांड्यात करायचं नाही, तिच्या ओट्यावर करायचं नाही आणि तिला हात लावायला सांगायचं नाही. ती नंदुरबारकडची. तिच्या माहेरीही कोणी खात नव्हतं, आणि ते मात्र खरंच खात नव्हतं. "आईंना खाऊ घालायचं तर घाला," ती म्हणाली, "पण मला त्यात ओढू नका."

आता सुरतेत डुकराचं मटण कुठे मिळतं? हा प्रश्न कोणाला विचारायचा, हाच पहिला प्रश्न. आमच्या बॉयलरवर केरळचा एक ख्रिश्चन माणूस आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर तो असा खुश झाला की जणू मी त्याला गावची बातमी सांगितली. त्यानं एका विक्रेत्याचा फोन नंबर दिला. हा माणूस फक्त रविवारी सकाळी, तेही आधी ऑर्डर दिली तरच माल द्यायचा. मी फोनवर हिंदीत नीट सांगितलं, पोटाकडचा तुकडा, एक किलो. तो हो म्हणाला.

रविवारी पर्वत पाटिया भागाच्याही पुढे जाऊन मी काळ्या पिशवीत माल घेऊन आलो. घरी उघडून बघतो तर कातडी नाही. लाल मांस, पांढरी चरबी, एकावर एक थर, बघायला सुंदर. पण कातडी सोलून टाकलेली. फोन केला.

"चमड़ी कौन खाता है साहब?" तो म्हणाला. "सब लोग बोलते हैं निकाल दो. मैंने साफ करके दिया आपको."

त्याचं बरोबर होतं. मी पोटाचा तुकडा सांगितला होता, कातडीसकट असं सांगितलं नव्हतं. चूक माझी होती, म्हणून राग जास्त आला. तरी मी ते गच्चीवर गॅसच्या छोट्या शेगडीवर शिजवलं. लसूण, मिरची, आमचा काळा मसाला घातला. वाटीत घालून मायपुढे नेलं. तिनं चमच्यानं ढवळलं.

"हाई का कातडी शे? हाई तं मांस शे."

ते सगळं मी एकट्यानं दोन दिवस खाल्लं. चव वाईट नव्हती, हे सांगायला हवं. पण मी ते चवीसाठी आणलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी अभ्यास केला. मोबाईलवर डुकराच्या पोटाच्या कुरकुरीत तुकड्याचे इतके व्हिडिओ आहेत की माणूस निवृत्तीपर्यंत बघत बसेल. प्रत्येकात एक हसरा माणूस सुरी घेऊन कातडीवरून ओढतो आणि खर्रर्र असा आवाज येतो. एक म्हणतो कातडीवर उकळतं पाणी ओता. दुसरा म्हणतो पाण्याचा थेंब लागू देऊ नका. तिसरा व्हिनेगर लावतो, चौथा मिठाचा जाड थर. मी पहिल्याचं ऐकलं, कारण त्याचा व्हिडिओ सगळ्यात छोटा होता.

दुसऱ्या रविवारी विक्रेत्याला तीन वेळा सांगून कातडीवाला तुकडा आणला. वर अजून थोडे केस होते. ते मी शेगडीच्या ज्योतीवर जाळले, वास आला तसा गच्चीचा दरवाजा लावून घेतला. मुलगी शिकायला वडोदऱ्याला जाण्याआधी केक करायची, तेव्हाचा छोटा ओव्हन माळ्यावर पडला होता. तो काढला. बायको बघत होती. ओव्हन तिच्या भांड्यांत मोडतो की नाही, याचा ती विचार करत असावी. मी तिला बोलायला वेळ दिला नाही, उचलून सरळ गच्चीवर नेला.

उकळतं पाणी ओतलं, मीठ चोळलं, दीड तास भाजलं. कातडी तपकिरी झाली, चकाकायला लागली. मला वाटलं, जमलं. सुरी ओढली तर आवाजच नाही. कापायला गेलो तर सुरी घसरली. एक तुकडा स्वतः तोंडात घातला आणि चावत चावत जिना उतरून खाली आलो, तरी तो तसाच होता. तरी नेला मायकडे. माणूस दीड तास उभा राहिला की त्याला बुद्धी राहत नाही.

मायचे वरचे पुढचे चार दात शाबूत आहेत, दाढा दोन. तिनं तो तुकडा या गालातून त्या गालात फिरवला आणि हातावर काढला.

"चप्पलना तुकडा शे हाऊ."

"माय, मग कशी करायची ते तरी सांग," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"माले काय माहीत तुन्हा त्या डब्बानं," ती म्हणाली आणि ओव्हनच्या दिशेनं, म्हणजे छताकडे, हात केला.

आता गोष्ट मायच्या तोंडाची उरली नव्हती. मला त्या कातडीला हरवायचं होतं. लॅबमध्ये बसून मी विचार करायला लागलो. ओलं कापड आणि वाळलेलं कापड यांचा रंग कधी सारखा दिसत नाही. ओल्या नमुन्यावर जो शेड पास करतो तो दुसऱ्या दिवशी शिव्या खातो. हे मी नव्या पोरांना वीस वेळा शिकवलं असेल आणि स्वतः मात्र ओल्या कातडीला भाजत बसलो होतो. आत पाणी असेल तोवर ती फुलणार कशी? ती उकडत राहणार.

म्हणून तिसऱ्या खेपेला मी विक्रेत्याला गळ घालून माल शनिवारी सकाळीच मिळवला. गोधडी शिवायच्या दाभणानं कातडीला शेकडो भोकं पाडली. पुसली, मीठ लावलं, पुन्हा पुसली. आता ती रात्रभर उघडी, थंड हवेत ठेवायला हवी होती. थंड हवा म्हणजे फ्रीज.

"माझा फ्रीज नाही," बायको म्हणाली.

"तीन अटींत फ्रीज नव्हता."

"आता आहे."

अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं की सगळा फ्रीज रिकामा करायचा, मी माझा तुकडा ठेवायचा, आणि नंतर फ्रीज मी स्वतः सोड्यानं तीनदा धुवायचा. दूध, दही आणि कोथिंबीर घेऊन बायको शेजारी गेली. शेजारी भिंतीला भिंत लागून एक गुजराती जोडपं राहतं, दोघंही म्हातारे, कांदासुद्धा न खाणारे. त्यांच्या बाईंना आम्ही गुजरातीत मासी, म्हणजे मावशी, म्हणतो. आमचा फ्रीज बिघडलाय असं सांगून बायकोनं दूध त्यांच्याकडे ठेवलं. परत आली ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या म्हणाल्या, मिस्त्री हवा असेल तर आमचा ओळखीचा आहे."

रविवारी दुपारी कातडी कागदासारखी कोरडी होती. बोटानं टकटक केलं तर आवाज येत होता. ओव्हन गच्चीवर लावला, आधी मंद, मग शेवटी पूर्ण आचेवर. आणि ती फुलायला लागली. काचेतून मला दिसत होतं, एका कोपऱ्यात बारीक बारीक फोड येत होते. मी बायकोला हाक मारली. ती आली नाही. मी खाली वाकून बघत राहिलो. छोट्या ओव्हनमध्ये वरची तार आणि कातडी यांत दोन बोटांचंही अंतर नव्हतं. फुललेली कातडी वर आली, तारेला चिकटली, चरबी तारेवर उडाली, आणि मी हातमोजा शोधेपर्यंत आतून काळा धूर यायला लागला.

मी प्लग ओढला, दार उघडलं. धूर बाहेर पडला तो थेट मासींच्या गच्चीवर, जिथे त्यांच्या साड्या वाळत होत्या.

खालून दारावरची बेल वाजली. खाली येऊन दार उघडलं तर मासी उभ्या होत्या, हातात आमच्या दुधाचं पातेलं.

"भाई, आ शेनी वास आवे छे?"

मी गुजरातीत सांगितलं, मिक्सरचं रबर जळालं. फ्रीजही गेला, मिक्सरही गेला, दोन दिवसांत. माझ्या हाताला चरबी होती, कपाळाला काजळी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आत खाटेवर पडलेल्या मायकडे बघितलं.

"बा हवे कंई खाय छे?" त्यांनी विचारलं.

"नाही खात," मी म्हणालो. गुजराती विसरून मराठीतच बोललो.

त्यांनी पातेलं बायकोच्या हातात दिलं आणि गेल्या. रबराचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. साड्या त्यांनी परत धुतल्या, हे मला गच्चीवरून दिसलं.

वर गेलो. तुकडा अर्धा कोळसा झाला होता, अर्धा कच्चा. मी तो ताटात घेऊन खाली आलो आणि मायच्या पुढे आपटला. आईपुढे ताट आपटणारा माणूस मी नाही. पण आपटलं.

"घे. तीन रविवार झाले. बघ काय ते."

माय उठून बसली. आधाराशिवाय बसली, हे नंतर माझ्या लक्षात आलं. तिनं ताट जवळ ओढलं, काळी झालेली कातडी नखानं खरवडली, खालची चरबी दाबून बघितली.

"वाळाडी चांगली शे," ती म्हणाली. म्हणजे वाळवली चांगली. "पण वरतीन भाजतस का? खालतीन तळतस. तिन्हाच चरबीमा."

"म्हणजे ओव्हन लागतच नाही?"

"आमना येळे काय डब्बा व्हता का?"

"मग हे तू पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तू कधी इचारं? तू सारखं मोबाईलले इचारत व्हतास."

मी तिला विचारलं होतं. मागच्याच रविवारी, आवाज चढवून विचारलं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती, ती साक्षीदार होती. पण तिनं साक्ष दिली नाही. उलट आत गेली आणि माळ्यावरची लोखंडी कढई काढून माझ्या हातात ठेवली. "ही मोडीत द्यायचीच होती," ती म्हणाली.

चौथ्या रविवारी मायला आम्ही खुर्चीवर बसवून गच्चीत नेलं. थंडीचं कोवळं ऊन होतं. तिच्या सांगण्याप्रमाणे मी तुकडा मीठ-हळदीच्या पाण्यात शिजवून, पुसून, चौकोनी कापून, सकाळभर पातळ फडक्याखाली उन्हात वाळवला होता. कढईत तेलाचा थेंब नाही. कातडी खाली करून तुकडे ठेवले. हळूहळू चरबी सुटायला लागली आणि तुकडे स्वतःच्याच चरबीत पोहायला लागले.

"झाकण ठेव, नहीते तोंडवर उडी."

ठेवलं. आत फटाके फुटल्यासारखा आवाज यायला लागला.

"आते काढ."

"झाले?"

"नही. काढ, गार होऊ दे. मंग परत टाक."

दुसऱ्यांदा तापलेल्या चरबीत टाकले तेव्हा कातडी फुलली. एकेक तुकडा ज्वारीच्या लाहीसारखा वर आला, पांढरट पिवळा, हलका. मी झाऱ्यानं काढून कागदावर ठेवले. मायनं एक उचलला, फुंकर घातली, तोंडात टाकला. आवाज आला. मला दोन हातांवरून ऐकू आला.

तिनं दुसरा घेतला. मग तिसरा.

"मीठ कमी शे," ती म्हणाली.

चार तुकडे खाऊन झाल्यावर तिनं हात पुसला आणि सांगायला लागली. मी विचारलं नव्हतं.

आम्ही उधन्याला एका चाळीत भाड्यानं राहायचो, मी पहिलीत होतो तेव्हा. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या गँगमधला एक माणूस महिन्यातून एकदा डुकराचं मटण आणायचा आणि आबा त्यातला वाटा घरी आणायचे. माय दार-खिडकी लावून, भरपूर कांदा करपवून शिजवायची, म्हणजे वास कळू नये. कातडी शेवटी तळायची, ती माझी. घरमालक शाकाहारी. त्यांचा माझ्याएवढा मुलगा होता आणि आम्ही दोघं ओट्यावर खेळायचो. एक दिवस मी दोन तुकडे खिशात घालून बाहेर गेलो आणि एक त्याला दिला. पापड आहे असं सांगितलं. त्यानं खाल्ला, त्याला आवडला, आणि त्यानं आईकडे जाऊन अजून मागितला.

दिवस मावळायच्या आत आमचं सामान रस्त्यावर होतं.

कातडीचं, पापडाचं मला काही आठवत नाही. सामान रस्त्यावर होतं, ते मला आठवतं. पत्र्याची पेटी, तिच्यावर मी बसलेलो, आबा घरमालकापुढे हात जोडून उभे. पण मला लहानपणापासून हेच माहीत होतं की आबा पिऊन आले आणि त्यांनी भांडण केलं, म्हणून आम्हाला निघावं लागलं. हे मला कोणी सांगितलं, की मीच ठरवलं, ते आता आठवत नाही. आबा कधीकधी प्यायचे. त्यामुळे ते खरं वाटायचं. मोठेपणी एकदा भांडणात मी त्यांना तोंडावर बोललोही होतो, तुमच्या दारूपायी आम्ही रस्त्यावर आलो होतो. ते पायात चप्पल घालून बाहेर गेले होते. त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

"त्या दिवशी तू घरात होतीस," मी मायला म्हणालो. "मी आबांना बोललो तेव्हा. तू तिथेच भाकरी करत होतीस."

"व्हती."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"त्यानीच सांगं व्हतं. पोऱ्याले सांगू नको, जलमभर मनले लाई ली."

मनाला लावून घेईल म्हणून. मी पन्नाशीचा झालो. मला स्वतःची मुलगी आहे. कधीतरी, एखाद्या दिवशी, सांगायला काय हरकत होती? मी तसं म्हणालो, जरा जोरातच म्हणालो. एवढी वर्षं मी एका माणसाला त्यानं न केलेल्या गोष्टीसाठी दोष देत राहिलो आणि तुम्ही दोघांनी मला देऊ दिला. माय ऐकत होती.  कढईतली चरबी गार होऊन पांढरी व्हायला लागली होती, तिकडे बघत होती.

"हाई फेकू नको," ती म्हणाली. "भाकरले लावाले चांगली."

मला इतका संताप आला की मी जिना उतरून खाली निघून आलो.

बायकोला सगळं सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "त्या पोराला आवडलं होतं, हे चांगलं." मला ते अजिबात चांगलं वाटलं नाही. पण ती हसली, आणि मग मलाही थोडं हसू आलं, आणि हसू आलं याचाही राग आला.

त्यानंतर मायचं जेवण हळूहळू सुरू झालं. सोमवारी तिनं भाकरी मागितली. बुधवारी वरणात हिंग कमी आहे म्हणून बायकोशी वाद घातला. आता ती रोज दोन वेळा जेवते आणि दोन्ही वेळा नावं ठेवते. मी एकदा विचारलं, रविवारी पुन्हा आणू का? तर म्हणाली, "इतलं तेलकट? ह्या वयमा?"

आबांबद्दल मात्र मी तिला सोडत नाही. कामावरून आलो की खाटेशेजारी बसतो आणि विचारतो. सामान रस्त्यावर काढल्यावर ती रात्र कुठे काढली, आबांनी मला मारलं का, त्या मुलाचं पुढे काय झालं. ती एका दिवशी एकच गोष्ट सांगते, तीही अर्धी, आणि मग म्हणते, "आते पुरे, माले झोप येस." आबांनी मला मारलं नाही, एवढं कळलं आहे. त्या संध्याकाळी त्यांनी मला खांद्यावर बसवून स्टेशनपर्यंत नेलं, हेही कळलं. वाटेत काय बोलले, ते माय म्हणते तिला आठवत नाही. तिला आठवत असणार. मी उद्या पुन्हा विचारणार आहे.